इतिहासात पीएच.डी. करून लोकांना काय मिळणार?

सप्रेम नमस्कार,

मुलीला इतिहासात एम.ए.नंतर पीएच.डी. करायची आहे. तिच्या नोकरीचं पुढचं पुढे बघू, पण चार-पाच वर्षं जुनी कागदपत्रं चाळून लोकांच्या पदरात काय पडणार, असं तुम्ही विचारलं आहे. इतिहासासारख्या मानव्यविद्यांनी विचारशक्ती वाढते हे खरं, पण तेवढ्यावर तुमचं समाधान व्हावं अशी माझी अपेक्षा नाही. म्हणून घडलेलीच गोष्ट सांगते.

जानेवारी 1700 मध्ये जपानच्या किनाऱ्यावरच्या गावांत समुद्र शिरला. घरं गेली, शेतांत पाणी भरलं, तांदूळ घेऊन आलेली एक नाव खडकांवर फुटली. लोकांनी हे दप्तरात लिहून ठेवलं, पण आधी धरणी हादरल्याची नोंद कुठेच नव्हती. पुढच्या अभ्यासकांनी हे कागद शोधले, वळणदार जुनी अक्षरं लावली, तारखा जुळवल्या. दरम्यान अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर भूशास्त्रज्ञांना जमीन एकाएकी खचून मेलेली झाडं सापडली होती, पण हे नेमकं कधी घडलं ते कळत नव्हतं. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी दोन्ही धागे जोडले: 26 जानेवारी 1700 च्या रात्री अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर सुमारे 9 तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्याच्याच लाटा महासागर ओलांडून जपानला पोहोचल्या होत्या. त्या किनाऱ्याला केवढा धोका आहे, हे त्यामुळे ठोस झालं. आज वॉशिंग्टन राज्यातल्या वेस्टपोर्टमध्ये एका शाळेच्या व्यायामशाळेचं छप्पर त्सुनामीत लोकांना वर चढून थांबता यावं असं बांधलेलं आहे. त्या नोंदी कुणी वाचल्याच नसत्या, तर ती तारीख कशी कळली असती?

इबोलाचंही तसंच. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत मृतदेहाला अंघोळ घालताना संसर्ग पसरत होता आणि दफन पथकांना घरचे लोक विरोध करत होते. त्या अंघोळीचा कुटुंबासाठी काय अर्थ आहे, हे मानववंशशास्त्रज्ञांनी आरोग्य यंत्रणेला समजावलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दफनाचे नियम बदलले आणि प्रार्थनेला, नातेवाइकांच्या सहभागाला त्यात जागा दिली.

पण हा फायदा आपोआप होत नाही. कितीतरी चांगले प्रबंध कपाटात पडून राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मुलीला सांगा, एखादी जुनी लिपी किंवा वेगळी भाषा पक्की शिकून घे. जमवलेली साधनं इतरांना शोधता येतील अशी डिजिटल स्वरूपात मांड. आणि आरोग्य, कायदा, पर्यावरण यांपैकी एखाद्या विभागातल्या माणसाशी पहिल्या वर्षापासून बोलत राहा.

शिष्यवृत्ती मिळत नसेल तर प्रवेशाची घाई करू नका. मार्गदर्शक ठरवण्याआधी तिने त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना जरूर भेटावं: प्रबंध किती वर्षांत झाला, सर किंवा मॅडम मसुदा वाचून परत द्यायला किती वेळ लावतात आणि ते विद्यार्थी आज कुठे काम करतात, एवढं तरी विचारावं.