लंडनमध्ये जम बसलेला तरुण सॉलिसिटर आयरिश प्रजासत्ताकवाद्यांच्या राजकारणात कसा काय शिरतो?

मी स्वतः मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करतो, म्हणून हा प्रश्न वाचल्यावर पहिलं नाव आठवलं ते जॉर्ज गॅव्हन डफीचं.

घरात राजकारण होतंच. वडील चार्ल्स 'यंग आयर्लंड' या आयरिश राष्ट्रवादी चळवळीतले, पुढे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचे प्रीमियर. मुलगा मात्र वाढला फ्रान्समध्ये, नीसला, आणि १९०७ साली लंडनमध्ये सॉलिसिटर झाला. आयरिश मंडळींशी ओळखी होत्या, सहानुभूती होती. पण त्याचं आयुष्य फिरलं ते एका वकीलपत्रामुळे.

एप्रिल १९१६ मध्ये सर रॉजर केसमेंट, आयरिश बंडासाठी जर्मनीची मदत मागायला गेलेले माजी ब्रिटिश मुत्सद्दी, जर्मन पाणबुडीतून आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यावर उतरले आणि पकडले गेले. राजद्रोहाचा खटला. गॅव्हन डफीच्या भागीदारांनी सांगितलं, हा खटला घ्यायचा तर फर्म सोडा. त्याने खटला घेतला. नको असलेला अशील टाळायला आमच्या धंद्यात शंभर सबबी सापडतात, त्यामुळे या निर्णयाची किंमत मला नीट कळते.

कोर्टात उभं राहायला बॅरिस्टर हवा. लंडनमधला कुणी नावाजलेला पुढे येईना. शेवटी डब्लिनहून त्याचा मेहुणा सार्जंट (ही वकिलांची जुनी पदवी) सलिव्हन आला. सगळा वाद १३५१ च्या राजद्रोह कायद्यातल्या एका वाक्यावर: राज्याबाहेर, जर्मनीत केलेली कृत्यं त्यात बसतात का? जुन्या फ्रेंचमधलं ते वाक्य कुठे तोडायचं, म्हणजे स्वल्पविराम कुठे धरायचा, यावर माणसाचा जीव टांगलेला. ३ ऑगस्ट १९१६ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात केसमेंटना फाशी झाली. मदनलाल धिंग्रांना १९०९ मध्ये फासावर दिलं, तो हाच तुरुंग.

त्यानंतर गॅव्हन डफीने लंडन सोडलं. डिसेंबर १९१८ मध्ये तो सिन फेन या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षातर्फे दक्षिण डब्लिनमधून निवडून आला. २१ जानेवारी १९१९ ला पहिल्या डॉइलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेत, स्वातंत्र्याचा जाहीरनामा तीन भाषांत वाचला गेला. फ्रेंचमधला त्याने वाचला. नीसचं बालपण असं कामी आलं! ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या तहाने पूर्ण प्रजासत्ताक नव्हे, साम्राज्यातलं स्वराज्य मिळालं; त्यावर नाखुशीने का होईना, त्याचीही सही आहे.

पण मला तो सगळ्यात जास्त पटतो जुलै १९२२ मध्ये. तेव्हा तो परराष्ट्रमंत्री होता. तहविरोधी कैद्याच्या बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे आणून अटकेचं कारण दाखवा अशा) अर्जावरून स्वतःच्याच सरकारने डॉइलने उभारलेली न्यायालयं गुंडाळली. त्याने राजीनामा दिला.