एअरबॅगचा दिवा विझत नाही आणि सर्व्हिस सेंटर ४१ हजार सांगतंय. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची हॅचबॅक, दिवाळीआधी सीट कव्हर बदलली, त्यानंतर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला तो गेलाच नाही. सर्व्हिस सेंटरने मॉड्यूल (एअरबॅगचा कंट्रोलर) आणि वायरिंग मिळून ४१ हजारांचं एस्टिमेट दिलं. नाक्यावरचा वायरमन म्हणतो, पाचशे द्या, दिवा बंद करून देतो. यातलं कोणाचं ऐकू, आणि तोवर गाडी चालवू का?

आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका.

सीट कव्हरचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण माझं लक्ष तिथेच अडकलं, कारण माझी गाडी याच वाटेने गेली आहे. माझ्या गाडीत पुढच्या सीटच्या पाठीतच साइड एअरबॅग आहे आणि तिची वायर सीटखालून पिवळ्या कपलरमधून, म्हणजे वायरच्या जोडातून, येते. कव्हरवाल्याने कव्हर नीट ताणता यावं म्हणून दोन्ही सीट बाहेर काढून फुटपाथवर पेपर अंथरून ठेवल्या होत्या. मी समोर मिसळ खात बसलो होतो. तेवढ्यात मागे टेम्पो आला, पोऱ्याने बिचाऱ्याने गाडी स्टार्ट करून चार फूट पुढे घेतली. झालं एवढंच. त्या अर्ध्या मिनिटात मॉड्यूलला कळलं की एक एअरबॅग गायब आहे, आणि त्याने ते लिहून ठेवलं. नंतर सीट बसल्या, कपलरही लागला, पण लिहिलेला बिघाडाचा कोड आपोआप पुसला गेला नाही.

हे मला नंतर कळलं. आधी मीही एस्टिमेट घेऊन घाम पुसत बसलो होतो. सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला विचारलं, कोड कोणता आला? तो म्हणाला, "सर, एअरबॅगचा आला." मी म्हटलं, ते तर दिवाच सांगतोय, त्यासाठी मशीन कशाला लावलं? दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावला तर स्पष्ट दिसलं: ड्रायव्हर बाजूची साइड एअरबॅग, रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) जास्त. त्याने चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाचेक मिनिटं थांबला, मग सीटखालचा कपलर काढून पिना पुसून परत 'टक्' आवाज येईपर्यंत बसवला आणि कोड उडवला. ६०० रुपये.

यामागचं गणित समजलं की कोणी तुम्हाला सहज गुंडाळू शकणार नाही. प्रत्येक एअरबॅगच्या आणि प्रीटेन्शनरच्या (धडकेत बेल्ट ताणणारा भाग) सर्किटमधून मॉड्यूल अगदी बारीक करंट सोडून रेझिस्टन्स तपासत असतं. एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहम. म्हणजे पिनेवर थोडा गंज चढला, कपलर अर्धवट बसला, उंदराने वायर कुरतडली, की तेवढ्यानेही आकडा बदलतो. मॉड्यूलला कारण कळत नाही, फक्त आकडा कळतो. तो पटला नाही की दिवा लावायचा. म्हणून दिवा लागला म्हणजे मॉड्यूल गेलं, असं म्हणणं म्हणजे थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून थर्मामीटरच बदलण्यासारखं आहे.

मॉड्यूल कधीच जात नाही असं नाही. ते बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, खाली फ्लोअरवर असतं. एसीची पाण्याची नळी तुंबून पाणी आत यायला लागलं किंवा गाडी पुरात उभी राहिली, तर ते मरतं. तुमच्या डाव्या बाजूचं मॅट ओलं आहे का, हात लावून बघा. कोरडं असेल, अपघातही झालेला नसेल, तर मॉड्यूल बदलायचं कारण लेखी मागा: कोडचा नंबर, आणि कपलर, वायर तपासल्याची नोंद. कागद मागितला की एस्टिमेट कधीकधी आपोआप हलकं होतं, हा माझा अनुभव.

ऑनलाइन मिळणारं, गाडीचे कोड वाचणारं स्वस्त ब्लूटूथ ओबीडी यंत्र घेऊन बसू नका. त्यातली बरीचशी फक्त इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड बहुधा 'बी' अक्षराने सुरू होतात आणि ते वाचायला एसआरएस, म्हणजे एअरबॅगची यंत्रणा, वाचू शकणारा स्कॅनर लागतो. चांगल्या मल्टिब्रँड गॅरेजात तो असतोच.

दोन वर्षांनी माझ्याकडे हाच दिवा पुन्हा लागला, आणि या वेळी खरा खर्च निघाला. पण आधी हॉर्न गेला होता. वळणावर म्हैस आडवी, मी स्टिअरिंग दाबतोय आणि आवाज नाही. मग स्टिअरिंगवरची आवाज वाढवायची बटणंही मेली. हॉर्न, बटणं आणि एअरबॅगचा दिवा असं त्रिकूट एकत्र आलं की संशय स्पायरल केबलवर घ्यायचा, काही जण तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंगच्या मागे प्लास्टिकच्या डबीत कॅसेटच्या टेपसारखी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. चाक फिरेल तशी ती सुटते आणि गुंडाळली जाते, आणि वर्षानुवर्षं फिरून एके दिवशी तुटते. माझ्या मिस्त्रीने जुनी उघडून दाखवली, घडीवर केसाएवढी चीर होती. नवी ओरिजिनल आणि मजुरी धरून पाच हजार गेले. बसवताना ती मधोमध आणून, चाकं सरळ ठेवून लावावी लागते, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणात ताणून फाटते. त्यामुळे हे काम 'पटकन करून देतो' म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

आता तुमचा पाचशेवाला वायरमन. तो दोनपैकी एक करणार. एक तर मीटरमधला दिवाच काढून टाकणार, किंवा एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर जोडणार. रेझिस्टर चार-पाच रुपयांचा. मॉड्यूलला आकडा बरोबर मिळतो, दिवा विझतो, आणि धडक बसली की तो रेझिस्टर फुगणार नाही. एअरबॅग उडालेल्या सेकंडहँड गाड्या अशाच 'दुरुस्त' होऊन विकल्या जातात. जुनी गाडी बघायला गेलात तर चावी ऑन करून मीटरकडे बघा: एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर दिव्यातच गडबड आहे. रेझिस्टरची चलाखी मात्र दिव्यावरून कळत नाही, त्यासाठी गाडीचा अपघाताचा इतिहास काढावा लागतो.

गाडी चालवायची का, याचं उत्तर: इंजिन, ब्रेक, स्टिअरिंगला या दिव्याशी काही देणंघेणं नाही, गॅरेजपर्यंत खुशाल न्या. पण दिवा चालू असेपर्यंत एअरबॅग उघडणारच नाहीत असं धरून चाला. बेल्ट ताणणारा प्रीटेन्शनरही त्याच यंत्रणेत असल्यामुळे तोही कदाचित नाही. बेल्ट मात्र धरतोच, तेव्हा मागे बसणाऱ्यांनाही लावायला सांगा. घाटातली सहल दुरुस्तीनंतर.

विम्याचं विचारणार असाल तर या बिलाला तो उपयोगी नाही. साध्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो. अपघातात एअरबॅग उडाल्या तर क्लेम मिळतो, पण एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे निम्मे पैसे तुमचे. झिरो डेप घेतलं असेल तर ती कापाकापी टळते.

पैसे भरण्याआधी अजून एक फुकटचं काम करा: चासिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या आणि तो भाग फुकट बदलून दिला होता. तुमची गाडी त्याआधीची आहे, त्या यादीत नसणार, पण टाकाटा कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरपायी (एअरबॅग फुगवणारा भाग) बऱ्याच कंपन्यांनी वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्या बोलावल्या आहेत. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आज संध्याकाळी चावी काढून सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारून बघा, पिवळा कपलर नीट बसलाय की लोंबतोय. फक्त बघा. हात लावू नका, मल्टिमीटर तर मुळीच लावू नका, त्याच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते. लोंबत असेल तर फोटो काढून गॅरेजवाल्याला दाखवा, आणि त्याने वाचलेला कोड इथे टाका, बघू.