मेनोनाइट म्हणजे आमिशच ना? ते गाडी, फोन, वीज काहीच वापरत नाहीत हे खरं का?

नाही. मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ, आणि आमिश ही याच घराण्यातली फुटून निघालेली शाखा. 1693 मध्ये याकोब आमान नावाचा पुढारी आपल्या अनुयायांसह वेगळा झाला. घोडागाडीवाले मेनोनाइटही आहेत, पण बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखेच राहतात. मोबाईलसकट.

नाव पडलं मेनो सिमन्सवरून. हा फ्रीसलंडचा (आजच्या नेदरलँड्समधला) कॅथलिक पाद्री, 1536 मध्ये चर्च सोडून बाहेर पडला. यांचं म्हणणं एवढंच: तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, कळत्या वयात माणसाने स्वतः ठरवून तो घ्यावा. आज यात काय मोठंसं वाटेल, पण तेव्हा यापायी लोकांना बुडवून, जाळून मारलं.

दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्र न धरणं. डर्क विलेम्स नावाचा एक जण कैदेतून पळाला, गोठलेलं पाणी ओलांडून पार झाला. मागे लागलेला शिपाई मात्र बर्फ फुटून आत पडला. विलेम्स मागे फिरला, त्याला ओढून बाहेर काढलं. मग पकडला गेला आणि 1569 मध्ये त्याला जाळलं. मेनोनाइट घरांत हा किस्सा अजून सांगतात. सैन्यात जायला नकार देण्यामुळे त्यांना देशही सोडावे लागले: रशियातून कॅनडा. तिथून काही जण पुढे मेक्सिको, पॅराग्वेला गेले, ते मुख्यतः शाळांवरच्या सरकारी सक्तीमुळे.

आणि हो, आपल्यापासून ते फार लांब नाहीत. छत्तीसगडात धमतरीला 1899 मध्ये, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी आले. तिथे त्यांची मंडळी आजही आहे.