नायट्रो बगीची क्लच बेल बेअरिंग सारखी जातात आणि मागचा डिफ गळतो, नक्की काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की १/८ स्केलची बगी (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारी रिमोटची मॉडेल गाडी) आयडलवर ब्रेक धरला तरी पुढे ओढते नि मग बंद पडते, क्लच बेलची (म्हणजे क्लचचे शूज आतून ज्याला पकडतात त्या वाटीची) बेअरिंग इंधनाच्या तीन-चार टाक्यांत जातात, आणि मागच्या डिफमधून (डिफरेन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) ऑइल येतं म्हणून तुम्ही आणखी जाड ऑइल भरून बघितलं. आणि या सगळ्यासाठी तुम्ही इतके दिवस कार्बचं (कार्ब्युरेटरचं) मिक्श्चर ठरवणारं नीडल फिरवताय. कृपा करून ते नीडल आता जिथे आहे तिथेच राहू द्या. तुमचं इंजिन बहुतेक ठीक आहे, दुखणं क्लचमध्ये आहे, आणि क्लचचं दुखणं नेहमी इंजिनाचं वाटतं म्हणून लोक तिथेच फसतात. मीही एक अख्खा सीझन असाच नीडलमागे घालवलाय म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय.

आधी क्लच न उघडता एक टेस्ट करा. इंजिन बंद आणि गार, इंजिनाचे माउंट स्क्रू सैल करून बेल स्पर गिअरपासून (बेल ज्याला फिरवते त्या मोठ्या गिअरपासून) सोडवा, एका हाताने फ्लायव्हील (क्रँकवरची जड चकती) धरा आणि दुसऱ्या हाताने बेल फिरवा. बेल मोकळी, आवाज न करता फिरली पाहिजे. अडखळली, खरखर लागली किंवा फ्लायव्हीलला सोबत ओढायला लागली तर बेअरिंग गेलंय, नाहीतर शिम (पातळ वॉशर) चुकलीत. बेल एकदम मोकळी आहे पण इंजिन चालू केल्यावर आयडललाच चाकं फिरतात, असं असेल तर एक तर आयडल फार वर आहे किंवा एखादी क्लच स्प्रिंग तुटलीय. स्प्रिंग तुटली की तो एक शू (क्लचमधला घासून पकडणारा तुकडा) कायम बाहेर येऊन बेलला घासतो, त्यामुळे ब्रेक लावला की तुम्ही खरं तर इंजिनालाच ब्रेक लावता, मग ते बंद पडणारच. आणि आपल्याला वाटतं मिक्श्चर चुकलं.

आता बेअरिंग लवकर का जातात ते. या बेलमध्ये बहुतेक गाड्यांत ५×१०×४ मिमीची दोन बेअरिंग असतात, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा जीव, त्याला शूजची उष्णता, धूळ आणि पिनियनचा (बेलवरच्या छोट्या गिअरचा) रेटा तिन्ही एकदम सोसायचं असतं. ती कधीतरी जाणारच, ब्रेक पॅडसारखी ती झिजायचीच वस्तू आहे. पण तीन-चार टाक्यांत जाणं म्हणजे कोणीतरी त्यांना मारतंय, आणि माझ्या अनुभवात मारेकरी तीनच असतात.

पहिला म्हणजे एंड प्ले, म्हणजे बेलचा मागेपुढे खेळ. शेवटचा स्क्रू पूर्ण आवळल्यावर बेल क्रँकवर मागेपुढे जेमतेम हलली पाहिजे, ०.२ मिमीच्या आसपास, बोटाला जाणवेल पण डोळ्याला फारशी दिसणार नाही इतकी. शिम जास्त झाली तर बेअरिंग बाजूने दाबलं जातं आणि तापून जातं, कमी झाली तर बेल डगडगते आणि तिची कड आत घासते. ०.१ मिमीची एखादी शिम काढा-घाला करत बसायला लागतं, कंटाळवाणं आहे, पण अख्ख्या क्लचच्या कामात सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच. आणि हो, स्क्रू आवळल्यावरच तपासा, अर्धवट आवळून नाही.

दुसरा म्हणजे गिअर मेश, म्हणजे गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते. पिनियन स्परला घट्ट भिडवला की रेटा सरळ बेअरिंगवर येतो. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरमध्ये घालून इंजिन बसवा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा, ती सुरकुतून आली पाहिजे पण फाटून नाही. मग स्पर पूर्ण एक फेरा हाताने फिरवा, कारण स्पर कधीच शंभर टक्के गोल नसतो, जिथे सगळ्यात घट्ट लागेल त्या जागी मेश बरोबर असला पाहिजे. हे बरेच जण करत नाहीत.

तिसरा म्हणजे घसरणारा क्लच. बेल निळसर पडली असेल, आत आरशासारखी चमक आली असेल, किंवा शूजवर तेलकट काळा थर असेल तर क्लच घसरतोय आणि ती सगळी उष्णता बेअरिंग खातंय. तेल दिसलं तर इंजिनाचं पुढचं बेअरिंग गळतंय का ते बघा, नाहीतर कितीही शूज बदला, उपयोग नाही. बेलच्या आतली चमक बारीक सँडपेपरने हलकी मोडून, पुसून घ्या. बेलच्या आत खाच पडली असेल तर मात्र बेलच बदला.

शूज काढताना आधी फोटो काढा, प्लीज. शू ज्या टोकाला पिनवर बसतो ते टोक फिरण्याच्या दिशेने पुढे असेल तर क्लच हळुवार पकडतो, उलटा बसला तर घर्षणच त्याला आणखी बाहेर दाबतं आणि तो झटक्यात पकडतो. ज्या गाडीला जसे दिलेत तसेच ठेवा. स्प्रिंग साधारण ०.९, १.० आणि १.१ मिमीच्या मिळतात, जाड स्प्रिंग म्हणजे क्लच उशिरा, जास्त आरपीएमला पकडणार. तुम्ही सुरुवातीला तिन्ही जागी १.० लावा आणि तिन्ही एकदमच बदला, एक जुनी दोन नव्या असं करू नका. फ्लायव्हील नट सोडवायला एक्झॉस्टमधून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवणं तर कधीच नको, फ्लायव्हील धरायचं टूल वापरा. आणि बेअरिंगवर थेट क्लीनर स्प्रे मारला की ग्रीस धुऊन जातं, तेही टाळा.

आता डिफ. गळणाऱ्या डिफमध्ये जाड ऑइल भरून गळती थांबत नाही, फक्त गाडीचं हँडलिंग बदलतं, आणि मागे जाड ऑइल असलं की सैल मातीत वळणातून गॅस देताना मागचं टोक सुटायला लागतं. तुम्हाला तसं होत असेल तर टायरला दोष देऊ नका. गळती येते ती आउटड्राइव्हच्या (डिफमधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या) ओ-रिंगमधून, नाहीतर केस आणि क्राउन गिअरमधल्या (डिफवरच्या मोठ्या गिअरमधल्या) गॅस्केटमधून. दोन्ही नवीन घाला, ओ-रिंगला थोडं ग्रीस लावा, आउटड्राइव्हच्या शाफ्टवर जिथे ओ-रिंग बसते तिथे खाच पडलीय का ते नखाने बघा, पडली असेल तर नवी ओ-रिंगही टिकणार नाही. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत जा.

ऑइल भरताना आतल्या छोट्या गिअरची क्रॉस पिन जेमतेम बुडेल एवढंच, काठोकाठ नाही. तापल्यावर ऑइल फुगतं आणि त्याला जागा नसेल तर ते ओ-रिंग ढकलून बाहेर येतं, तुमचीही गळती बहुधा इथूनच सुरू झाली असेल. भरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या, मग लागलं तर थोडं घाला. छोटा वजनकाटा असेल तर भरलेल्या डिफचं वजन लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेवढंच भरता येतं.

नंबर म्हणाल तर पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३००० सीएसटी (ऑइलच्या जाडपणाचं माप) ही जुनी सुरुवात आजही चुकीची नाही. मधलं ऑइल पातळ असलं की गॅस दिल्यावर हलकी झालेली पुढची चाकंच जास्त फिरतात, टायर फुगलेले डोळ्याला दिसतात, आणि गाडी पुढे जोर घेत नाही. लोक याला क्लच घसरतोय म्हणतात, पण ते मधल्या डिफचं काम असतं. एका वेळी एकाच डिफचं ऑइल बदला, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही.

जुनं ऑइल काळपट राखाडी निघालं तर गिअरची धातूची भुकटी त्यात आहे, गिअर धुऊन दात बघा. क्राउन आणि त्याला फिरवणाऱ्या डिफच्या पिनियनमध्ये खेळ वाढला असेल तर क्राउनच्या बाजूच्या बेअरिंगमागे पातळ शिम घालून तो जवळ आणा, पण हाताने फिरवताना कुठेही अडता कामा नये. तिथे ग्रीस लागतं, डिफच्या आत सिलिकॉन ऑइल. ही अदलाबदल मी लोकांना करताना बघितलीय.

माझा नेम असा आहे की १२५ सीसीच्या दहा-बारा टाक्या झाल्या की बेल काढून बेअरिंग हाताने फिरवून बघायची, खरखर लागली की जोडीने बदलायची, आणि डिफ त्याच्या दुप्पट चालवून उघडायचे. धूळ जास्त असेल तर आधी. उघडण्याआधी टाकीतलं फ्युएल काढून इंजिन गार होऊ द्या, मिथेनॉल हाताला लागू देऊ नका, हवा खेळती असेल तिथे बसा.

तुम्ही आधी ती बेल फिरवायची टेस्ट करा आणि मोकळी फिरते की अडते एवढं इथे लिहा, जमलं तर शूजचा एक फोटोही टाका, पुढचं आपण त्यावरून ठरवू.