क्रोशाचं कमळ दिव्याभोवती: आधी पेला, मग फूल

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका ताईंनी चार गोष्टी विचारल्या आहेत. क्रोशाच्या कमळात तेलाची पणती थेट ठेवली तर चालेल का, दोरा कुठला घ्यायचा, पाकळ्या दोन दिवसांत माना टाकतात त्याचं काय करायचं, आणि दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नालाही तीच फुलं अंगणात मांडता येतील का. त्यांच्या प्रश्नांवर बऱ्याच जणींनी सुंदर फोटो टाकलेत, पण पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही, म्हणून तिथूनच सुरू करते.

पणती थेट ठेवायची नाही. कितीही घट्ट विणलं, कितीही खळ लावली तरी नाही. कच्ची मातीची पणती तेल पिते आणि ते बाहेरच्या अंगाला पाझरतं. आपण पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालतो ते त्यासाठीच, पण त्याने पाझर कमी होतो, थांबत नाही. त्या पाझराला सुती दोरा टेकला की तो तेल ओढून घेतो. वात हेच काम करते. तासाभराने तुमचं कमळ म्हणजे तेलात भिजलेली मोठी वातच होऊन बसतं आणि ज्योत त्याच्यापासून बोटभर अंतरावर. पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती, टी-लाइट, हिचंही तसंच. जळताना तिच्यातलं सगळं मेण पातळ होतं आणि वाटी चांगलीच तापते. तीही उघड्या क्रोशावर नको.

मग करायचं काय? फूल हे दिव्याचं भांडं नाही, भांड्याच्या बाहेरचा साज आहे, एवढं धरून चला. आधी काचेचा पेला निवडा, जाड बुडाचा, सरळ उभा, सहा-सात सेंटिमीटर उंचीचा. त्याच्या मापाने फूल विणा. पाकळ्यांची टोकं पेल्याच्या काठापेक्षा निदान दोन बोटं खाली राहिली पाहिजेत. इंटरनेटवर दिसणारी अर्धीअधिक कमळं याच्या उलट असतात, उंच पाकळ्या आत वळलेल्या आणि मधोमध ज्योत. फोटोपुरतं ठीक आहे, घरात नको. ज्योतीची धग बाजूला कमी आणि वर जास्त जाते. आत वळलेलं टोक नेमकं तिच्या वर येतं.

पेल्यात काय लावायचं याला माझी पहिली पसंती पाण्याच्या दिव्याला. पेल्यात निम्म्याहून थोडं कमी पाणी, त्यावर बोटाच्या पेराएवढं तेल आणि तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि दिवा आपोआप विझतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळे फराळाच्या गप्पांत असताना याचा मोठा आधार वाटतो. टी-लाइट ठेवायची असेल तर पेल्याच्या तळाशी दोन चमचे कोरडी वाळू घाला, म्हणजे काच एकदम तापत नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर बॅटरीचा दिवा घ्या, पण त्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे का ते बघून. ते बटणाएवढे सेल मुलांनी गिळले तर आगीपेक्षा कमी धोका नसतो.

आता दोरा. मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमकदार आणि मजबूत केलेला सुती दोरा घ्या, चार पदरी, आणि सुई २ किंवा २.५ मिलिमीटरची. गुंडाळ्यावर छापलेल्या मापापेक्षा एक नंबर बारीक सुई वापरली तर वीण घट्ट येते आणि पाकळ्या अर्ध्या तिथेच ताठ होतात. ताई, तुमच्या पाकळ्या माना टाकतात त्याचं एक कारण मला फोटोतच दिसतंय, वीण सैल आहे. खळ नंतरची गोष्ट.

अ‍ॅक्रिलिक लोकर स्वस्त, रंग भरपूर, बेळगावच्या गणपत गल्ली-खडेबाजारात सहज मिळते, पण दिव्याच्या आसपास ती नकोच. ती वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. वडगाव-शहापूरकडे राहणाऱ्या मैत्रिणींना मागावरचा उरलेला चमकदार धागा फुकट किंवा किलोवर मिळतो, तेव्हा मोह होणारच. त्यात कृत्रिम रेशीम (रेयॉन) आणि पॉलिएस्टर बरंच असतं. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांना तो वापरा, दिव्याला नको. शंका असली तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिकसारखा धागा आक्रसतो आणि काळा कडक मणी उरतो. कृत्रिम रेशीम मात्र या परीक्षेत फसवतं, तेही सुतासारखंच जळतं, उलट जास्त भरकन. म्हणून गुंडाळ्यावर नाव असलेला दोराच बरा.

वीण सांगते. खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. मुका खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता घातलेला, अर्धा आणि पूर्ण खांब एका वेढ्याचे, लांब खांब दोन वेढ्यांचा. इथे एक घोळ आधीच मिटवू. यूट्यूबवरच्या अमेरिकन बाया ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणतात. आईच्या काळातली पुस्तकं बहुतेक ब्रिटिश पद्धतीची आहेत. एका पुस्तकातलं बूड आणि एका व्हिडिओतल्या पाकळ्या असं जोडलंत तर माप चुकणारच.

बोटाभोवती फास करून त्यात ६ मुके खांब. पुढच्या प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे: १२, १८, २४, असं करत आठव्या फेरीला ४८. चार पदरी दोऱ्याने ही चकती साधारण साडेपाच सेंटिमीटरची होते, पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक फेरीनंतर पेला वर ठेवून बघा. चकती पेल्याच्या बुडाएवढी झाली की थांबा. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. ४८ ऐवजी ४२ किंवा ५४ वर थांबावं लागलं तरी सहाने भाग जातो, म्हणजे सात किंवा नऊ पाकळ्या बसतात. काही बिघडत नाही.

आता भिंत. पुढची फेरी न वाढवता, टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात घाला. वीण तिथे काटकोनात वळते आणि पुढचे ४८ धागे बाहेरच्या अंगाला मोकळे राहतात. ते धागे जपा, खालच्या पाकळ्या त्यांच्यावरच येणार आहेत. मग तीन फेऱ्या साध्या. पाचवी फेरी पुन्हा फक्त मागच्या धाग्यात, सहावी साधी, आणि दोरा तोडा. पेला आत सरकवून बघा. जरा ओढून बसला पाहिजे, खुळखुळला नाही पाहिजे.

पाकळीला सहा मोकळे धागे लागतात. तोंड वर, बूड खाली असं धरून बुडाच्या कडेला दोरा जोडा. पहिल्या धाग्यात मुका खांब. दुसऱ्यात एक अर्धा, एक पूर्ण खांब. तिसऱ्यात दोन लांब खांब. मग तीन साखळ्या घालून त्यातल्या पहिल्याच साखळीत सुई अडकवून ओढून घ्या, ते पाकळीचं टोक. चौथ्यात दोन लांब खांब, पाचव्यात खांब आणि अर्धा, सहाव्यात मुका. अशा आठ पाकळ्या. वरच्या मोकळ्या धाग्यांवरही आठच, फक्त सुरुवात तीन टाके पुढे सरकून करायची, म्हणजे वरची पाकळी खालच्या दोघींच्या फटीत येते. हे सरकवणं विसरलात तर कमळाऐवजी कोबीचा गड्डा दिसतो.

हेच बूड आणि हीच भिंत ठेवून शेवंती करायची असेल तर लांब खांब सोडून द्या. प्रत्येक मोकळ्या धाग्यातून आठ-नऊ साखळ्यांचा पट्टा काढा, त्यावर मुके खांब घालत परत या आणि पुढच्या धाग्यात अडकवा. हात लागतो, वेळ खातं, पण पिवळ्या दोऱ्यात काय दिसतं म्हणून सांगू! झेंडूसाठी मी कुणाला क्रोशा सांगत नाही. दिवाळीत खरा झेंडू बाजारात ढिगाने असतो, त्याच्या शेजारी सुताचा झेंडू गरीब दिसतो.

रंगाचं एक. गडद लाल आणि राणी रंग पांढऱ्याबरोबर वापरण्याआधी हातभर दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. रंग सुटला तर खळ लावताना सगळं फूल गुलाबी होईल. आणि आपल्या सीमाभागात लाल-पिवळी, म्हणजे कन्नड झेंड्याची जोडी घेतलीत तर तयारी ठेवा. दिवाळी कधीकधी १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आगेमागेच येते, आणि आलेला पाहुणा फुलाची वीण सोडून सीमावादावर तुमचं मत विचारायला लागतो. मला ती जोडी आवडते, मी बिनधास्त वापरते. शेजारच्या कन्नड अक्का त्यावर खूश, आमचे काका नाराज, दिवा मात्र दोघांच्याही घरी तोच.

आता ताठपणा, आणि खानापूरकरांसाठी हा मुख्य मुद्दा. साबुदाण्याची किंवा मैद्याची खळ हा जुना उपाय. दोन चमचे साबुदाणा दोन वाट्या पाण्यात भिजवून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून, गाळून घ्यायचा. फूल त्यात बुडवून पिळायचं. छान कडक होतं आणि नंतर धुऊन निघतं. अथणी-रायबागकडे हे उत्तम, तिकडे ऊन असतं, दुपारपर्यंत वाळतं. पण खानापूर, त्याहून कणकुंबीकडे, परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळतो. तिथे खळ हवेतली ओल ओढते, पाकळ्या वाकतात आणि चार दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. तुमच्या पाकळ्यांचं दुसरं कारण हे. साखरेचा पाक सांगणारे व्हिडिओही आहेत. मुंग्यांना दिवाळीचं आमंत्रण द्यायचं असेल तर जरूर करा. जुने लोक बुरशी येऊ नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे. ते विषारी आहे, शिवाय पांढऱ्या दोऱ्याला निळसर झाक येते. मुलांचा हात लागणाऱ्या वस्तूला नको.

तुमच्याकडे सुतारकामाचा पांढरा गोंद वापरा, फेव्हिकॉल किंवा तसलाच, त्यात तेवढंच पाणी. फूल बुडवा, नीट पिळा, भोकांत साचलेला गोंद फुंकून काढा. पेल्याला प्लास्टिकच्या पिशवीचे दोन थर गुंडाळून फूल त्यावर चढवा. थर एकच असेल तर वाळल्यावर पेला निघता निघत नाही. प्रत्येक पाकळीच्या बाहेरून प्लास्टिकचा चमचा टेकवा, पाकळी त्याच्या खोलगट पोटात बसवा, म्हणजे कमळाचा बाक येतो. चमचे पडू नयेत म्हणून भोवती रबर लावा. मग पंख्याखाली ठेवा. गोंद ओला असताना दुधट दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. टाक्यांच्या फटीत कुठेही पांढरं दिसतंय तोवर हलवू नका. खानापुरात दोन दिवस धरा. एक पातळ हात पुन्हा दिला तर आणखी बरं. फक्त गोंदाने दोरा आगीपासून सुरक्षित होत नाही, हे डोक्यात असू द्या. तो ताठ होतो, बस्स.

मणी लावायचे तर काचेचे, आणि दोऱ्याने शिवून. गरम गोंदाची बंदूक इथे निरुपयोगी आहे, दिव्याच्या उबेने तो गोंद मऊ पडतो आणि सजावट घसरते.

विकायला करत असाल तर पेल्यासकटच विका. नुसतं फूल विकलंत की घेणारी बाई त्यात पणती ठेवणार, हे धरूनच चाला. खानापूरच्या कुंभारांकडून पेल्याच्या मापाची मातीची भांडी करून घ्यावी असं तुम्ही लिहिलंय. कल्पना गोड आहे, पण मातीतून उजेड बाहेर येत नाही आणि पाझराचा प्रश्न परत उभा राहतो. आतून-बाहेरून काचलेप दिलेलं भांडं मिळालं तर मात्र करून बघण्यासारखं आहे. तेव्हा पाकळ्या पांढऱ्याच ठेवा, मातीच्या रंगावर खुलतील.

शेवटचा प्रश्न तुळशीचा. कार्तिकात आपल्याकडे रात्री दव पडतं. हा गोंद दवाने पुन्हा दुधट आणि मऊ होतो. त्यामुळे अंगणात रात्रभर ठेवू नका. लग्न लागेपर्यंत कट्ट्यावर मांडा, मंगलाष्टका झाल्या, चुरमुरे वाटले की दिवे विझवून फुलं घरात आणा. शिवाय वृंदावनाशी ऊस, चिंचा, आवळे आणि सुकलेल्या काड्या रचलेल्या असतात, त्यांच्यापासून दिवे हातभर लांब. नंतर पेल्यातून फुलं काढून, पाकळ्यांच्या आत कोऱ्या कागदाचे बोळे घालून, पुठ्ठ्याच्या खोक्यात एकावर एक न रचता ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलीत तर पुढच्या पावसाळ्यात ओल धरेल. तेलाचा डाग पडलेलं फूल जपून ठेवू नका, पुन्हा दिव्याजवळ ते कधीच न्यायचं नाही.