‘इंटर’ म्हणजे इंटरनॅशनल नव्हे!

प्रश्न असा आहे: इंटरनेटला मराठीत ‘आंतरजाल’ लिहावं की ‘अंतर्जाल’, आणि ते बंद ‘पडला’ की ‘पडलं’? पुढे प्रश्नकर्त्यांनी स्वतःच जोडलंय, ‘इंटरनेट म्हणजे इंटरनॅशनल नेटवर्क, म्हणून आंतर बरोबर असावं.’ शब्द बरोबर, कारण साफ चूक. हे कारण मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, शाळेच्या फळ्यावर, भाषणांत इतक्यांदा पाहिलं-ऐकलंय की आधी त्याचाच निकाल लावतो.

‘इंटरनेट’ हे ‘इंटरनेटवर्क’चं आखूड रूप. डिसेंबर १९७४मध्ये विंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन या संगणकतज्ज्ञांनी एक तांत्रिक मसुदा लिहिला, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. (दलाल आपल्या पवईच्या आयआयटीतून शिकलेले, हे किती जणांना ठाऊक असतं?) राष्ट्रांचा तिथे काहीच संबंध नाही. निरनिराळ्या जातींची संगणकांची जाळी एकमेकांशी बोलती कशी करायची, एवढाच प्रश्न होता. २२ नोव्हेंबर १९७७ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हमरस्त्यावर याच्याच चाचणीसाठी एक व्हॅन धावत होती. तिच्यातून निघालेली माहिती आधी रेडिओच्या जाळ्यात शिरली, मग अमेरिकेतल्या संशोधनसंस्थांना जोडणाऱ्या आर्पानेटमध्ये, मग उपग्रहावरून अटलांटिकपार, आणि फिरून पुन्हा कॅलिफोर्नियातच पोचली. जाळी तीन, प्रत्येकाची रीत वेगळी, आणि त्यांच्या मधे सगळ्यांनी पाळायची एक सामाईक शिस्त. ती शिस्त म्हणजे इंटरनेट. इथे ‘इंटर’ म्हणजे ‘मधे’, ‘दरम्यान’. म्हणून ‘महाजाल’ हा शब्दही मला पटत नाही. तो आकार सांगतो, सांधा सांगत नाही.

आता खरी मौज. हे लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ सख्खे भाऊ आहेत, एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. ‘अंतर्’चे अर्थ दोन, ‘आत’ आणि ‘मधे’. अंतःकरणात पहिला आहे. अंतरिक्षात दुसरा: पृथ्वी आणि द्युलोक, म्हणजे स्वर्ग, यांच्या मधलं ते अंतरिक्ष. त्याच ‘अंतर्’चं हजारो वर्षं घासून गुळगुळीत झालेलं रूप म्हणजे आपलं ‘आत’. ‘डबा आत ठेव गं,’ असं आजी म्हणते तेव्हा इंटरनेटमधला अर्धा शब्द तिच्या तोंडी असतो. पोटातलं ‘आतडं’ याच गोतावळ्यातलं, ‘आंत्र’पासून आलेलं. आणि कळफलकावरची ‘एंटर’ची कळ? तीही लॅटिन ‘इंट्रा’मार्फत याच घराण्यातली. इंटरनेटला परका शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही सोयरीक एकदा नीट बघावी.

‘आंतर म्हणजे दोहोंमधलं, हा संस्कृतचाच नियम आहे’ असं आपले शुद्धलेखनवाले छातीठोकपणे सांगतात, तेही मला मान्य नाही. संस्कृतात ‘आंतर’ म्हणजे ‘आतला’. ‘आंतरिक’ कशावरून आलं मग? भेद केला तो मराठीने: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय एकीकडे आणि अंतर्गत, अंतर्मन दुसरीकडे. हा भेद सोयीचा आहे, रुळलेला आहे, म्हणून पाळायचा. त्या हिशेबाने इंटरनेट ते आंतरजाल, आणि एखाद्या कचेरीच्या आतल्या आत चालणारं इंट्रानेट ते अंतर्जाल. ‘अंतरजाल’ मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. ‘अंतर्’ आणि ‘जाल’ जोडले की रफार यायलाच हवा.

‘मधे’ हा अर्थ धरून ठेवायचं आणखी एक कारण आहे. सर्फ १९९८पासून ग्रहाग्रहांना जोडणाऱ्या जाळ्याच्या कामात आहेत. मंगळापर्यंत संदेश जायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, शिवाय मधे ग्रह आडवा आला की संपर्क तुटतो. त्यामुळे तिथे प्रत्येक टप्प्याने संदेश जपून ठेवायचा आणि पुढचा टप्पा नजरेत आला की पुढे धाडायचा, अशी रीत बसवली आहे. म्हणजे ‘इंटर’ निघाला आहे अंतरिक्षात, आपल्या सख्ख्या भावाच्या घरी! तिथे कुठलं आलंय इंटरनॅशनल?

हां, लिंगाचं राहिलं. नपुंसकलिंग. नेट गेलं, इंटरनेट बंद पडलं.