रिचार्जचे दर वाढतात तेव्हा ट्राय (दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था) कंपन्यांना रोखू शकत नाही का?

रोखू शकते, पण रोखत नाही. १९९७ च्या ट्राय कायद्यातल्या कलम ११(२) नुसार दर ठरवून देण्याचा अधिकार ट्रायकडे आहे. मात्र मोबाइलचे बहुतेक दर तिने वीसएक वर्षांपासून कंपन्यांवरच सोडले आहेत. कंपनीने दर लागू करायचे आणि सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवायचे, एवढंच. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा आधी कुणाची परवानगी लागली नाही. स्पर्धाच दर आवरेल, हा त्यामागचा विचार. डझनभर कंपन्या होत्या तेव्हा तो खरा ठरला. आता बीएसएनएल सोडली तर तीनच उरल्यात, त्यामुळे मला तो पटत नाही.

माझं सोलापुरात अशोक चौकाजवळ रिचार्जचं दुकान आहे. विडी वळणाऱ्या बायका बटणांचा फोन घेऊन येतात. त्यांना नेट लागतच नाही, तरी रोज दीड जीबी नेट देणारं पॅक मारावं लागायचं. त्यांच्यासाठी ट्रायचा डिसेंबर २०२४ चा नियम फार मोलाचा आहे: फक्त कॉल आणि एसएमएसचं एक तरी पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलंच पाहिजे. दुकानात "बिगर नेटचं पॅक द्या" असं स्पष्ट मागा. फक्त त्या पॅकची किंमत कंपनीच ठरवते, आणि मुदत बहुधा लांबची असल्याने पैसे एकदम जास्त मोजावे लागतात.